चाळीसच्या खाली

लोहामंडीत गेंदालालच्या शेडमध्ये
इंजिन सकाळपासून साखळीला लटकतंय,
जमिनीपासून हातभर वर,
हळूच स्वतःभोवती फिरतंय,
भाड्याचं घर बघायला आलेल्या माणसासारखं.

गेल्या चैत्रात मानपूरच्या घाटात ते जाम झालं.
मालूनं स्टिअरिंगवरचे हात तसेच ठेवून म्हटलं होतं,
"वहिनी, मागचा स्टोव्ह पेटव. चहा तरी होईल."
झाला. टोचन घेऊन माणूस येईस्तोवर दोनदा झाला.

मालू माझी नणंद.
तिचा भाऊ नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या घरी राहायला गेला,
ही माझ्याकडे राहिली.
दोघींनी मिळून शाळेची जुनी ट्रॅव्हलर घेतली,
बाकं काढली, पलंग ठोकला, पडदे मी शिवले.
खिडकीच्या पट्टीवर कंपासनं कोरलेलं *विक्की गधा है*
तेवढं घासलं नाही.

नातेवाइकांनी भंगाराचा भाव काढून ठेवला होता.
आम्ही इंजिन सियागंजमागं हातिमभाईंच्या लेथवर दिलं.
बोअर अर्धा मिलिमीटर मोठा,
पिस्टन नवे, रिंगा नव्या, क्रँक घासून, हेड तासून.
जुना राहिला तो ब्लॉक,
आणि त्यावर ठोकलेला नंबर.

"म्हणजे हे तेच इंजिन का?" मी विचारलं.
गेंदालालनं कापसाच्या बोळ्याला हात पुसले.
"नंबर वही है, बई."
मी माझ्या गुडघ्यांचा विषय काढणार
तेवढ्यात तोच म्हणाला,
"आदमी में ओव्हरसाइज नी आता."

बोल्ट जिरावनच्या रिकाम्या डब्यांत.
चिठ्ठ्या माझ्या अक्षरात; एकतीस वर्षं चित्रकला शिकवली,
तिरपं काही लिहिता येत नाही:
*माउंटिंग डावं. माउंटिंग उजवं.
बेल हाउसिंग, वरचे चार.
माहीत नाही.*

मला वाटायचं, इंजिन उचलून गाडीत ठेवतात.
तसं नसतं.
इंजिन जागच्या जागी लटकत राहतं,
गाडीलाच त्याच्याकडे ढकलत न्यायचं असतं,
जाळी काढलेली, रेडिएटर काढलेला,
तोंड उघडं टाकून.
चहावाला आला, शेजारचा वेल्डर आला,
मालूनं पदर खोचला.
"हळू. अजून. बस्. बस् म्हटलं ना!"

दोन बोटं उरली.
गिअरबॉक्सचा दांडा क्लचप्लेटीत जाईना.
हलवलं, दटावलं, वेल्डरनं शिवी दिली,
पहारीला गेंदालालनं हात लावू दिला नाही.
"जबरदस्ती से घुसेगा तो रोएगा."
मग गाडीखाली झोपलेल्या अर्शदनं
पुलीला पाना लावून
फिरवलं जेमतेम
एक
दात.
खट्.
इतका लहान आवाज,
आणि सगळे एकदम मागे सरले.

सुरू मात्र झालं नाही.
डिझेलच्या नळीत हवा.
मालू अंगठ्यानं हातपंप दाबत राहिली,
पन्नास, साठ, मोजणं सुटलं,
बुडबुडे, फेस, पुन्हा बुडबुडे,
मग एकसंध पिवळी धार तिच्या मनगटावर.
पाचव्या सेल्फला शेड पांढऱ्या धुरानं भरली,
त्यात कोणाचं तोंड दिसेना,
फक्त गेंदालालचा आवाज:
"हजार किलोमीटर चालीस के ऊपर नी!"

आता आम्ही रामबागेकडे निघालोय.
रिक्षा पुढे जातात. सायकलवाला दूधवाला पुढे जातो.
एक पिवळी स्कूलबस मागून येते, बरोबरीनं चालते,
खिडकीतली मुलगी आमचे पडदे बघते, जीभ काढते.
मालूही काढते.
काटा अडतीसवर.

माझ्या मांडीवर "माहीत नाही"चा डबा,
आत एक बोल्ट,
प्रत्येक स्पीडब्रेकरला खुळखुळतो.
"काय वाजतंय, वहिनी?"
"जिरावन," मी म्हणते.